सत्तर अंशांचं घर

खानझोडे काका कुणाच्याही घरी गेले की बूट काढायचे, मोजे वर ओढायचे आणि यजमानांशी धड बोलण्याआधी जमिनीतल्या जाळीपाशी उकिडवे बसून तिच्यावर तळहात धरायचे. शिकागोच्या बाजूला हिवाळ्यात घर तापवणारी हवा या जाळ्यांमधूनच वर येते. काका डोळे मिटायचे, जरा वेळ तसेच बसायचे आणि मग निकाल द्यायचे.

"गॅस. एकशेतीस फॅरनहाइट तरी सोडून राहिले. पापड वाळवायचेत का घरात?"

पहिल्या खेपेला लोक हसायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हसणं थांबायचं. यजमानीणबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या, आणि पंचावन्नच्या पुढचा, मागच्या बाजूला केस उरलेला हा माणूस गालिच्यावर बसून त्यांच्या घराची चूक काढतोय. तिथल्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे 'जाळीवाले' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, आणि त्यांना काही वाटत नव्हतं याचाच लोकांना जास्त राग होता.

मी त्यांच्या हाताखाली काम केलं. सांगलीहून मेकॅनिकल करून आले, इथे एम. एस. केलं आणि २००२च्या हिवाळ्यात एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. घरं तापवणारी आणि गार करणारी यंत्रं बनवणारी कंपनी. तिच्यात चार माणसांचा एक छोटा गट होता, आणि त्याचे प्रमुख खानझोडे. काम एकच : कडाक्याच्या थंडीत चालेल असा घरगुती हीट पंप तयार करणं.

हीट पंप म्हणजे काय हे मला शिकवताना ते म्हणाले होते, "फ्रिजच्या मागे हात लावून पाहिलाय कधी? गरम असते ना ती जाळी? आतल्या भाजीतली उष्णता काढून तो फ्रिज तुझ्या स्वयंपाकघरात सोडून राहिला. आता समज, भाजीच्या जागी हे अख्खं इलिनॉय ठेवलं. बाहेरची उष्णता काढायची, घरात सोडायची. काही जाळायचं नाही."

"पण सर, बाहेर तर बर्फ आहे."

"मग? बर्फात उष्णता नसते काय? कमी असते. कमी म्हणजे नाही, असं कुठे शिकवतात? सांगलीत?"

दुखणं नेमकं तिथेच होतं. बाहेर जितकं गार, तितकी ही उष्णता ओढणं अवघड, आणि घराला तिची गरज तितकीच जास्त. तेव्हाचे बाजारातले हीट पंप पाणी गोठायच्या सुमारास हात टेकायचे आणि आतली विजेची कॉइल पेटायची, म्हणजे टोस्टरवर घर तापवल्यासारखं. दक्षिणेकडच्या राज्यांत ते चालून जायचं, आमच्याकडे नाही. काकांनी एकाऐवजी दोन काँप्रेसर घातले होते. थंडी वाढली की दुसरा पहिल्याच्या मदतीला यायचा. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या मापात उणे अठराला, ते यंत्र घर तापवायचं. मी स्वतः तपासलं आहे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला थंड खोलीत नेलं. या खोलीत हवं तितकं गार करून बाहेरच्या हवेची नक्कल करायची आणि यंत्राचं बाहेरचं निम्मं अंग तिथे चालवून बघायचं. मी जाड कोटात कुडकुडत होते. ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. विचारलं, "कसं आहे?"

"खूप थंडी वाटतेय, सर."

"वाटणं हे युनिट नाही. काट्यावर वाच आणि सांग."

हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. नागपूरचा माणूस. उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरसमोर वाढलेला. थंडीशी त्याचं वैर कशाला असावं, असं मला वाटायचं. पण त्यांना थंडी वाजतच नसे. तो त्यांचा गुण होता आणि पुढचं सगळं त्या गुणातूनच झालं.

दुसऱ्या वर्षी यंत्र तयार झालं. वरचे साहेब बघायला आले. थंड खोलीत शून्य, शेजारच्या उबदार खोलीत सत्तर, म्हणजे आपले एकवीस, काटे सगळ्यांच्या समोर. काका आकडे सांगत होते. त्यांचं इंग्रजी नागपुरी होतं पण आकड्यांना उच्चार लागत नाही. मग एक उपाध्यक्ष पुढे झाला, त्याने हवेच्या झोतात हात धरला आणि म्हणाला, "ही गरम नाहीये."

ती हवा पंच्याण्णव अंशांची होती. खोली सत्तरवर ठेवायला पुरेशी. पण माणसाचं अंग त्याहून गरम असतं, त्यामुळे तो झोत हाताला कोमट, थोडा गारच लागतो. गॅसची भट्टी एकशेतीसचा फुफाटा सोडते. काकांनी हे सगळं समजावून सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवलं. उपाध्यक्षाने ऐकून घेतलं. "मला पटलं," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक फळा बघत नाही. ते हात धरून बघतं." गॅसही तेव्हा फार महाग नव्हता. महिन्याभरात गट बंद झाला. काकांना खिडकीत बसवायच्या एसीच्या विभागात पाठवलं, तक्रारींची उत्तरं लिहायला.

त्यांनी एकच मागणी केली. ते तयार केलेलं यंत्र मला द्या. कंपनीला ते भंगारातच काढायचं होतं. जबाबदारी तुमची, असं लिहून घेऊन देऊन टाकलं. त्या उन्हाळ्यात काकांनी स्वतःच्या घरातली गॅसची भट्टी उखडली, गॅसची जोडणी कापून घेतली आणि मागच्या अंगणात ते यंत्र बसवलं.

मालतीकाकू अमरावतीच्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलण्यात चटपटीत. त्यांच्या हातचा गोळाभात खायला मी दर रविवारी जायची. भट्टी काढली त्या रविवारी मला म्हणाल्या, "यांनी घरातली चूल विझवली बाप्पा. आता बघू, कशावर शिजतंय."

पहिला हिवाळा गमतीत गेला. हीट पंपाच्या बाहेरच्या अंगावर बर्फ चढतो आणि तो वितळवायला यंत्र अधूनमधून उलटं फिरतं. तेव्हा वाफेचा असा लोट उठतो की पाहणाऱ्याला घर पेटलंय असं वाटावं. शेजारच्या म्हातारीला तसंच वाटलं. तिने फोन केला. आगीचा बंब आला, हेल्मेटवाले अंगणात घुसले. काका सदऱ्यावर बाहेर आले आणि त्यांनी त्या जवानांना अर्धा तास यंत्र समजावून सांगितलं. एकाने प्रश्न विचारला तर खूश झाले. "कंपनीत एवढं कुणी ऐकलं नाही," मला नंतर म्हणाले. त्यांना खूश झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

त्याच हिवाळ्यात काकूंनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. बाहेर बोचरा वारा, खिडक्यांवर बर्फाची नक्षी. बायका पैठण्या नेसून आल्या आणि कोट काढून ठेवायला तयार होईनात. एक-दोघी जाळीवर पाय ठेवून बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि कोटाची चेन पुन्हा वर ओढायच्या. काकू वाणाची भांडी वाटत होत्या. हसत होत्या, पण मान वर करत नव्हत्या. तेवढ्यात काका खिशातला थर्मामीटर घेऊन बैठकीच्या खोलीत आले आणि एकेकीसमोर धरायला लागले.

"बघा. सत्तर. बघा ना तुम्हीच. तुमच्या घरी किती ठेवता? अडुसष्ट? मग कोट कशाला?"

"अहो," काकू म्हणाल्या, "राहू द्या ना."

"राहू काय द्या? आकडा आहे हा."

बायकांनी कोट काढले. भीड पडली म्हणून. पाचेक मिनिटांत पुन्हा घातले. सगळ्या लवकर उठल्या. पुढच्या वर्षी काकूंनी हळदीकुंकू ठेवलं नाही, आणि त्यांना दुसरीकडचीही आमंत्रणं कमी व्हायला लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात काकूंना थंडी वाजायला लागली. 'लागली' म्हणते, कारण पहिल्या वर्षी त्या कुरकुरत असल्या तरी थरथरत नव्हत्या. आता घरात दोन स्वेटर, वर शाल, पायात लोकरीचे मोजे. बोटं पांढरी पडायची. काकांना त्यांनी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं, पुष्कळदा सांगितलं. आणि काकांनी ऐकलं नाही असंही म्हणता येणार नाही, हेच अवघड आहे. काकूंनी "थंडी वाजतेय" म्हटलं की ते उठायचे, कोट न घालता अंगणात जायचे आणि यंत्र उघडून बसायचे. वायू तपासायचे, पंखा तपासायचे, बर्फ चढला असेल तर कोमट पाण्याने काढायचे. दुपारच्या दुपार त्यांनी त्या अंगणात गुडघ्यांवर काढल्या आहेत. मग आत यायचे, हात पुसायचे आणि सांगायचे, "काही नाही. मशीन बरोबर आहे. सत्तर आहे."

प्रयोगशाळेत त्यांनी मला शिकवलं होतं, एक वस्तू बरोबर निघाली की तिथे घुटमळायचं नाही, पुढची तपासायची. यंत्र बरोबर होतं. पुढे बायको होती.

एका रविवारी मी गेले तर काकू स्वयंपाकघरात नव्हत्या. कपडे धुण्याच्या लहानशा खोलीत, कपडे वाळवायच्या यंत्राला पाठ लावून उभ्या होत्या. आत टॉवेल फिरत होते. मला बघून जरा वरमल्या.

"वाळलेलेच आहेत गं," म्हणाल्या. "पाठीला बरं वाटतं. यांना सांगू नको."

सांगायची गरज पडली नाही. घरात कोणतं यंत्र किती वीज खातं याची नोंद काका कॉम्प्युटरवर ठेवत आणि तो ड्रायर त्यांना सापडला. मी तिथेच होते. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. विद्यार्थ्याला समजवावं तसं म्हणाले, "मालती, ड्रायर घरात उष्णता सोडतो. मग मशीनने किती दिली ते मला कसं कळणार? सगळं रीडिंग खराब होऊन राहिलं."

काकूंनी टॉवेल बाहेर काढले, एकेक घडी घातली आणि कपाटात ठेवले. त्यानंतर त्यांनी थंडीचं नाव घेतलं नाही. काकांना वाटलं, प्रश्न सुटला. मला तसं म्हणालेसुद्धा, "सवय झाली बघ तिला. मी म्हणत नव्हतो?"

त्यांची मुलगी अश्विनी कॅलिफोर्नियात शिकत होती. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती घरी आली आणि दारातच थबकली. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते तिला एका नजरेत दिसलं. आईचा चेहरा कणकेसारखा झाला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सुट्टी संपायच्या आत ती आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. काका गाडी चालवत होते. त्या खोलीत काय झालं ते अश्विनीनेच मला नंतर सांगितलं.

रक्त फारच कमी होतं. डॉक्टरांनी विचारलं, थकवा येतो का, वजन उतरलंय का, थंडी वाजते का?

काकू म्हणाल्या, "हाउस इज कोल्ड."

"नो," काका म्हणाले. "डॉक्टर, घर सत्तर असतं."

डॉक्टरीणबाईंना कळेना की हे आपल्याला कशासाठी सांगतायत. त्यांनी काकूंकडे बघूनच पुन्हा विचारलं, "किती दिवसांपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून," काकू म्हणाल्या. म्हणजे वर्ष होऊन गेलं होतं. पुढच्या तपासण्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. आतल्या आत रक्त झिरपत होतं आणि अंगातली ऊब जात होती ती तिथून. आता तो यकृतापर्यंत पोचला होता.

काकूंना दवाखान्यातून घरी आणायच्या आधी काकांनी एक गोष्ट केली. गॅसची जोडणी परत घेतली आणि बाजारातली साधी भट्टी बसवून घेतली. अंगणातलं यंत्र बंद केलं, वर ताडपत्री बांधली. अश्विनी आईला धरून आत आली, जाळीतून फुफाटा येत होता. तिने बापाकडे बघितलं.

"नाऊ?" ती म्हणाली. "यू आर डूइंग इट नाऊ, बाबा?"

काकांनी काकूंना जाळीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाय वर घेऊन दिले. काकू म्हणाल्या, "अहो, काढलं काऊन? चांगलं चाललं होतं ना तुमचं." आणि जरा वेळाने, शाल गळ्याशी ओढून, माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "थंडी तशीच आहे गं."

पुढे तीनेक महिने मी जात राहिले. काकूंच्या बोलण्यात राग कमी असायचा. मला वाटतं मीच जास्त रागावले होते. एकदा काका औषध आणायला गेले होते तेव्हा म्हणाल्या, "तुला वाटत असेल, या माणसाला बायकोचं काही नाही. पण मी म्हटलं की उठायचे गं. टीव्ही बघत असले तरी उठायचे. भर बर्फात जाऊन बसायचे. मी खिडकीतून बघायची. मला वाटायचं, एकदा आत या आणि नुसता हात धरा. कसा बर्फ झालाय तो बघा. जगाच्या जाळ्यांवर हात धरत फिरले."

मार्चमध्ये काकू गेल्या.

तेराव्याला घरी माणसं जमली. जे लोक दोन वर्षांत फिरकले नव्हते तेही आले. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, प्रधान म्हणून होते, त्यांनी पान वाढलं जाईपर्यंत कशीबशी कळ काढली आणि शेजारच्याच्या कानाशी लागले. कानाशी बोलायचा त्यांचा आवाज खोलीभर जायचा.

"थंडीनं गेली बिचारी. काय ते मशीन लावून ठेवलं होतं."

हे खोटं होतं. कॅन्सर थंडीने होत नाही. त्या यंत्राने कुणाचा जीव घेतला नाही. ते सगळ्या हिवाळ्यांत बरोबर चाललं. खरं काय होतं ते याहून वाईट होतं, आणि ते या माणसाला माहीत नव्हतं आणि त्याला बोलायचा अधिकारही नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात काका बोलले. हातात वाढायचं भांडं होतं, वरणाचं.

"घर सत्तर होतं, प्रधान."

कुणी मान वर केली नाही. अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओट्यावरच्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि निघून गेली. संध्याकाळी परत आली, सामान बांधलं आणि दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियाला गेली. त्यानंतर तिने बापाला फोन केल्याचं मी ऐकलं नाही. मला करते. काकांबद्दल विचारत नाही. मी आपणहून सांगितलं तर थांबवतही नाही.

मी ती कंपनी सोडली आणि उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये दुसरीकडे लागले. वर्षभरात वारं फिरलं. तेल महागलं, गॅस महागला आणि ज्या यंत्राला कुणी हात लावत नव्हतं त्याच्या मागे आमची नवी कंपनी लागली. थंडीत चालणारा हीट पंप. दोन काँप्रेसर. तरुण मुलांनी नव्याने शोध लावल्यासारखं कागदावर मांडलं होतं. मी खानझोड्यांना फोन केला. ते निवृत्त झाले होते. घरी गेले तर त्यांनी सगळी रेखाटनं, सगळी रीडिंग एका खोक्यात भरून तयार ठेवली होती.

"घेऊन जा," म्हणाले. "माझं नाव घालायची गरज नाही."

"सर, तुम्ही या. सल्लागार म्हणून. मी बोलले आहे."

"कशाला? सगळं त्यात आहे."

तरी २००८च्या फेब्रुवारीत चाचणी होती तेव्हा मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं पांढरी होती. काका बारीक झाले होते. कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

चाचणी उत्तम झाली. थंड खोलीचा काटा शून्याखाली गेला आणि शेजारच्या, घराची नक्कल असलेल्या उबदार खोलीतला काटा सत्तरवरून हलला नाही. पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्यातल्या एकाने काकांकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "हे तुमचंच आहे, सर. दोन शब्द बोला."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग मला मराठीत विचारलं, "त्या खोलीत बसता येईल काय?"

त्या उबदार खोलीत एरवी कुणी बसत नाही. तिथे फक्त यंत्राचं आतलं अंग, नळ्या आणि तारा. पण नाही कोण म्हणणार. एका पोराने प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. काकांनी आत जाऊन कोट काढला, स्वेटर काढला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि खुर्ची हवेच्या झोतासमोर ओढून तिच्यात बसले. दोन्ही हात मांडीवर उपडे.

आम्ही काचेबाहेर. पहिली काही मिनिटं सगळे बघत होते. मग पोरं जेवायला पांगली. एकाने जाता जाता माइकवरून विचारलं, "कसं वाटतंय, सर?"

काकांनी काचेकडे बघितलं. त्यांच्या हातांवर काटा आला होता, तो मला काचेबाहेरून दिसत होता.

"थांब जरा," ते म्हणाले.

बाहेर बर्फ पडायला लागला होता आणि मला मुलाला पाळणाघरातून आणायचं होतं. त्यांना घरी सोडायचं एका सहकाऱ्याने कबूल केलं. मी काचेवर बोटाने टकटक केली, निघते म्हणून खूण केली. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पुढे त्या उन्हाळ्यात घर विकून ते नागपूरला निघून गेले. आमची पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवशी मी कोट घालून दाराशी पोचले आणि मागे वळून बघितलं तेव्हा ते त्या झोतात तसेच बसून होते, डोळे उघडे ठेवून, अंग किंचित आवळून.